ठासणी, छरा आणि काडतूस
कर्जत–खालापूर परिसरातील हाताने भरावयाच्या बंदुकीचा शब्देतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

इतिहासाच्या साधनांत येणारा शब्द जुना असतो. परंतु तो वाचताना अभ्यासकाच्या मनात उभी राहणारी वस्तू पुष्कळदा नवी असते. शब्द तोच राहिला आणि वस्तू मात्र पालटली, असे जेथे घडते तेथे वाचनात चूक होते आणि ती चूक लवकर ध्यानात येत नाही. ‘काडतूस’ हा शब्द या प्रकारचा एक ठळक नमुना होय. आजच्या विद्यार्थ्यास या शब्दाने पितळी बुडाची, आतच दारू, छरे व ठिणगीची सोय असलेली एक तयार नळी दिसते. विष्णुभट गोडसे हे पेण तालुक्यातील वरसईचे. १८५७ मध्ये ते घराबाहेर पडले, १८८३ मध्ये त्यांनी आपल्या प्रवासाची हकीकत लिहिली, आणि १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्य यांनी ती प्रसिद्ध केली. त्या हकीकतीत बंडाचे कारण म्हणून जी काडतुसांची गोष्ट येते, तिच्यातील काडतूस पितळी नव्हते. ती कागदाची एक पुडी होती. शिपायाने ती दातांनी फोडावयाची, आतील दारू नळीत ओतावयाची व गोळी गजाने ठासावयाची, अशी तिची रीत होती. पुडी दातांनी फोडावी लागत होती म्हणूनच तिला लावलेल्या चरबीचा प्रश्न धर्माचा प्रश्न झाला. पितळी काडतूस मनात धरून ही हकीकत वाचली तर बंडाचे निमित्तच अनाकलनीय ठरते.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. बंदूक हाताने भरण्याची क्रिया, तिच्याशी संलग्न असलेले मराठी शब्द आणि त्या शब्दांमागील वस्तू यांचा परस्परसंबंध तपासावा, व त्यासाठी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा परिसर समोर ठेवावा, असे योजिले आहे. शब्द आणि वस्तू यांचा इतिहास एकत्रच अभ्यासला पाहिजे, हा आग्रह शुखार्ट, मेरिंगर प्रभृती युरोपीय भाषाशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभी धरला. मराठी शस्त्रवाचक शब्दांच्या बाबतीत हा आग्रह विशेष उपयोगी पडतो.

परिसराची निवड सहेतुक आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा भाग घाटमाथा आणि बंदरपट्टी यांच्या मधोमध आहे. एका अंगास उल्हास, दुसऱ्या अंगास पाताळगंगा, आणि पाठीशी बोरघाट व कुसूर घाट. देशावरचा फार्सी-तुर्की शब्द या घाटांनी खाली उतरला, आणि चौल-वसईकडचा पोर्तुगीज शब्द खाडीच्या वाटेने वर चढला. इंग्रजी अमदानीत खालापूर हा कर्जत तालुक्यातील पेटा होता. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत असे. नंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला, आणि त्या जिल्ह्याचे रायगड असे नामांतर १९८१ मध्ये झाले. त्यामुळे येथील एकोणिसाव्या शतकातील कागद पाहणाराने प्रथम ठाण्याचे दप्तर पाहावे लागते, एवढी सूचना येथे करून ठेवणे अवश्य आहे.

२. गोळीचे नाव शस्त्रास

अग्निशस्त्रांची जी नावे मराठीत रूढ आहेत त्यांत एक विलक्षण साम्य आढळते. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’ वरून आला. त्याचा मूळ अर्थ एका जातीचे कवचीचे फळ असा आहे, आणि त्याचेही मूळ ग्रीक भाषेत, काळ्या समुद्राच्या काठच्या पाँतस प्रदेशाच्या नावात, सापडते. फळाच्या आकारावरून मातीच्या किंवा शिशाच्या गोळीस बुंदुक म्हणू लागले आणि पुढे गोळी फेकणाऱ्या साधनासच ते नाव मिळाले. ‘तोफ’ हा तुर्की ‘तोप’. त्याचा अर्थ चेंडू किंवा गोळा. म्हणजे येथेही गोळ्याचे नाव यंत्रास चिकटले. ज्या ‘गलोली’ने कर्जतच्या रानातील पोर आजही पाखरू टिपण्याचा यत्न करते तिचेही नाते फार्सीतील गोळीवाचक शब्दाशीच जोडले जाते.

तीन भिन्न साधने, तीन भिन्न शब्द, परंतु अर्थविकासाची दिशा एकच. यावरून असे अनुमान काढावयास हरकत नाही की, वापरणाऱ्याच्या दृष्टीने मुख्य वस्तू नळी नव्हती. नळीत जे भरावयाचे ते मुख्य होते. हाताने भरावयाच्या शस्त्राच्या काळी हे स्वाभाविक होते. नळी एकदा विकत घेतली की पिढ्यानुपिढ्या चाले. दारू, गोळी, छरा यांची चिंता मात्र प्रत्येक बारास नव्याने करावी लागे.

‘दारू’ शब्दाची कथाही अशीच बोधप्रद आहे. फार्सीत दारू म्हणजे औषध. चिनी भाषेत या मिश्रणास ‘अग्नीचे औषध’ या अर्थाचे नाव आहे. अरबीतही औषधवाचक शब्द या अर्थी योजला गेला. मराठीत मद्यास आणि बंदुकीच्या भुकटीस एकच शब्द का, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. दोहोंचा उगम ‘औषध’ या एकाच अर्थात आहे, हे त्याचे उत्तर. हिंदुस्थानीतील ‘बारूद’ हा शब्द मराठीने तितकासा जवळ केला नाही. अरबीत त्याचा जुना अर्थ केवळ सोरा असा होता, म्हणजे तेथे घटकाचे नाव मिश्रणास मिळाले. मराठीने ‘दारूगोळा’, ‘दारूखाना’, ‘शोभेची दारू’ असे समास आणि प्रयोग सिद्ध केले व मद्याच्या अर्थाशी होणारा घोटाळा संदर्भावर सोडून दिला.

दारूचे घटक तीन : सोरा, गंधक आणि कोळसा. यांपैकी कर्जत-खालापूरच्या जंगलातून मिळण्याजोगा एकच, तो म्हणजे कोळसा. कोळशाच्या भट्ट्या लावणे हा कातकऱ्यांचा एक परंपरागत उद्योग. सोरा हिंदुस्थानात मुख्यत्वे बिहारकडे तयार होई, आणि गंधक तर व्यापारानेच येई. म्हणून हे शस्त्र कितीही ‘गावठी’ म्हटले तरी ते कधीच पूर्णतः गावचे नव्हते. ज्याच्या हाती सोऱ्याचा व्यापार त्याच्या हाती दारू, हा नियम पेशवाईत लागू होता आणि कंपनी सरकारच्या काळीही लागू राहिला. मुंबईस माझगावात इंग्रजांनी दारूचा कारखाना काढला होता. त्याची आठवण तेथील ‘गनपावडर रोड’ या नावात अद्यापि टिकून आहे.

३. भरण्याची क्रिया आणि तिची परिभाषा

नळीच्या तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीस मराठीत ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. हे नाव शुद्ध देशी आहे, आणि ते वस्तूवरून नव्हे तर क्रियेवरून पडले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आधी दारू, तिच्यावर चिंधी, कागद किंवा काथ्या यांचा बोळा, त्यावर गोळी अथवा छरे, आणि ते घरंगळू नयेत म्हणून पुन्हा बोळा, असा क्रम असे. प्रत्येक थर ‘गजा’ने ठासून बसवावयाचा. नळीच्या बुडाशी जे लहान छिद्र असते तो ‘कान’. त्याच्याशी ठेवावयाची बारीक दारू ती ‘रंजक’. जळता दोर तो ‘तोडा’ किंवा ‘जामगी’. शत्रूच्या हाती तोफ जाण्याचा प्रसंग आला म्हणजे तिच्या कानात मेखा मारीत, म्हणजे ती निकामी होई. कागदपत्रांतील असा उल्लेख वाचताना हा कान कोणता, हे ठाऊक नसेल तर अर्थ लागत नाही. तीच गोष्ट ‘रंजक’ शब्दाची. संस्कृत ‘रंजक’ म्हणजे मन रिझविणारे, आणि तोफेची रंजक ही अगदी वेगळी. उच्चार एक, कुळे दोन.

या परिभाषेतील सर्वांत अर्थगर्भ शब्द ‘बार’ हा होय. फार्सीत ‘बार’ म्हणजे ओझे, भार. ‘बारदान’ आणि ‘बारगीर’ या शब्दांत तो स्पष्ट दिसतो. नळीवर घातलेला भार तो बार, आणि भार पेटून होणारा आवाजही बारच, अशी अर्थाची वाटचाल मानता येते. ‘बार भरणे’, ‘बार काढणे’, ‘बार उडणे’, ‘बार फुकट जाणे’ हे सर्व प्रयोग भरण्यापासून उडण्यापर्यंतच्या पायऱ्या दाखवितात. तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवणे यास ‘बार भरणे’ म्हणतात, तेथे भरण्याचा अर्थ शिल्लक आहे. लग्नाचा ‘बार उडवून देणे’ येथे आवाजाचा व गाजावाजाचा अर्थ शिल्लक आहे.

‘गोळीबार’ या शब्दाची व्युत्पत्ती मात्र वेगळी असण्याचा संभव आहे. फार्सीत वर्षाव करणे या अर्थाच्या धातूपासून ‘-बार’, ‘-बारी’ हे उत्तरपद सिद्ध होते, आणि हिंदुस्थानीतील ‘गोलाबारी’ याच कुळातील. म्हणजे गोळीबार हा मूळचा गोळ्यांचा वर्षाव. मराठी भाषिकाच्या कानास मात्र त्यातील ‘बार’ आणि बंदुकीचा ‘बार’ हे एकच वाटतात. दोन परके शब्द मराठीत येऊन एकरूप झाले, असे येथे म्हणता येते.

४. घाटातील दारू

या परिसराच्या इतिहासात लष्करी दृष्ट्या सर्वांत प्रसिद्ध प्रसंग उंबरखिंडीचा. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून कोकणात येत असता, आजच्या खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळच्या अरुंद रानवाटेवर शिवाजी महाराजांनी त्यास कोंडले. परमानंदाच्या शिवभारतात या प्रसंगाचे सविस्तर वर्णन आले आहे. खानास अखेर शरण जावे लागले. या विजयाचे श्रेय भूगोलास देण्याची प्रथा आहे व ती योग्यच आहे. परंतु शस्त्रांच्या गुणदोषांचाही विचार येथे झाला पाहिजे. तोड्याच्या बंदुकीचा एक बार झाला की दुसरा भरण्यास उसंत लागते, उभे राहून गज चालविण्यास जागा लागते, आणि तोडा सतत जळता ठेवावा लागतो. मोकळ्या मैदानात रांगा लावून ही अडचण निवारता येते. गर्द झाडीत, ओळीने चालणाऱ्या आणि बोजाने लादलेल्या सैन्यास ते साधणे कठीण. हाताने भरावयाचे शस्त्र भरणाऱ्यास जागा आणि वेळ यांचा गुलाम करते. उंबरखिंडीत खानाजवळ दोहोंपैकी काहीच उरले नव्हते.

दारूची जपणूक ही कोकणात स्वतंत्र विद्याच म्हटली पाहिजे. सोरा ओल शोषून घेतो, आणि घाटपायथ्याचा पाऊस चार महिने हटत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी जी दक्षता सांगितली आहे तिच्यामागे हाच अनुभव आहे. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ किंवा घरांच्या वाऱ्याखाली नसावा, ठरावीक दिवसांनी दारू, बाण इत्यादी बाहेर काढून ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावे, नेहमी पहारा असावा, असा त्यातील आदेशाचा आशय आहे. शिवकालीन राजव्यवहारकोशाने शस्त्रांस स्वतंत्र वर्ग दिला आणि फार्सी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द सुचविले. परंतु बंदूक, तोफ, दारू हे शब्द हटले नाहीत. याचे कारण असे दिसते की, हे शब्द दरबारात नव्हे तर दारूखान्यात आणि मोर्चावर वापरले जात होते. व्यवसायाची परिभाषा राजाज्ञेने सहसा बदलत नाही.

या परिसरात दारूचा सर्वांत मोठा व्यय मात्र कोणत्याही लढाईत झाला नाही. तो झाला बोरघाटाच्या रेल्वेकामात. १८५६ मध्ये सुरू झालेले हे काम १८६३ मध्ये पुरे झाले. सुमारे पंधरा मैलांच्या अंतरात १८३१ फुटांची चढण आणि पंचवीस बोगदे असे त्याचे स्वरूप होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ठेका पुढे चालविला. कामाच्या भरात मजुरांची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली होती. त्या काळी डायनामाइट निघावयाचे होते. काळ्या पत्थरात पहारीने भोक पाडावयाचे, त्यात दारू भरून ठासावयाची आणि बत्ती द्यावयाची, हीच रीत होती. ठासणीच्या बंदुकीची जी क्रिया तीच येथे डोंगरावर होत होती. फरक एवढाच की येथे नळी खडकाची होती.

याही क्रियेचा शब्द प्राचीन आहे. ‘सुरुंग’ हा संस्कृत ‘सुरुंगा’पासून, आणि तो ग्रीक ‘सिरिंक्स’ म्हणजे नळी यावरून आला, असे विद्वान मानतात. कौटिलीय अर्थशास्त्रात तो भुयार या अर्थी येतो. दारू आल्यानंतर भुयारात दारू भरून उडविणे या क्रियेस तो लागला, आणि रेल्वे व सडकांच्या कामात खडकातील भोकास. बोरघाटातील मजूर ‘सुरुंग ठासला’ म्हणत असता दोन सहस्र वर्षांपूर्वी ग्रीकांकडून आलेला शब्द आणि देशी क्रियापद यांचा संयोग करीत होता, याची त्यास जाणीव असण्याचे कारण नव्हते.

५. ‘काडतूस’ : रूप आणि अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. काडतूस शब्दाचे अंतिम मूळ कागदवाचक लॅटिन ‘कार्ता’ हे आहे. इटालियन ‘कार्तोच्चो’, फ्रेंच ‘कार्तूश’, पोर्तुगीज ‘कार्तूशु’ ही सर्व त्याचीच संतती. म्हणजे शब्दाच्या पोटातच कागद आहे. मोजून घेतलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळून ठेवणे, एवढाच त्याचा आरंभीचा अर्थ.

मराठीत तो कोणत्या वाटेने आला ? कोशकार बहुधा पोर्तुगीजांकडे बोट दाखवितात. चौल १७४० पर्यंत आणि वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. पाव, परात, तुरुंग, लिलाव, चावी असे कितीतरी शब्द त्या वाटेने आले. अंत्य ओकार गळून जाणे हे परात, तुरुंग या शब्दांतही दिसते, तेव्हा त्या बाजूने अडचण नाही. अडचण आहे ती ‘स’ची. पोर्तुगीज ‘शावी’ मराठीत चावी झाली, मग ‘कार्तूशु’चे ‘काडतूच’ का झाले नाही ? पोर्तुगीजांत हा वर्ण पूर्वी चकारासारखा उच्चारला जाई व नंतर शकारासारखा झाला. म्हणून चावी हा अगोदरचा आणि काडतूस हा नंतरचा ऋणशब्द, असे एक उत्तर देता येते. दुसरे उत्तर असे की, हा शब्द फ्रेंच ‘कार्तूश’वरून दख्खनच्या कवायती पायदळातून आला. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला आणि १७६१ मध्ये पानिपतावर लढला. ‘गारदी’ हा शब्दही फ्रेंच किंवा पोर्तुगीज पहारावाचक शब्दापासूनच आलेला आहे. कागदी पुडी ही कवायती फौजेची गरज होती, शिकाऱ्याची नव्हे; तेव्हा शब्द फौजेबरोबर आला असणे असंभवनीय नाही. केवळ ध्वनिरूपावरून या दोहोंत निर्णय लागत नाही. ‘कारतूस’चे मराठीत ‘काडतूस’ झाले, त्यात ‘काडी’ या ओळखीच्या शब्दाचे साहचर्य असावे, असे अनुमान मात्र करता येते.

वस्तू कशी पालटली, हे पाहणे आता सोपे आहे. १८०७ मध्ये स्कॉटलंडातील पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ याने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचा बंदुकीत उपयोग करण्याचे स्वामित्वपत्र घेतले. पुढे तांब्याची लहान टोपी आली, तोडा आणि चकमक दोन्ही मागे पडली, आणि मराठीत ‘केप’ हा इंग्रजी शब्द शिरला. दिवाळीत मुलांच्या पिस्तुलात जी ‘टिकली’ फुटते तिचे तत्त्व हेच. १८३० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये लफोशे याने बुडाकडून भरावयाचे, स्वयंपूर्ण काडतूस प्रचारात आणले, आणि १८६० नंतर मध्यभागी टोपी असलेले काडतूस सर्वत्र पसरले. दारू, बोळा, छरे आणि केप या पूर्वी चार ठिकाणी असलेल्या वस्तू एका नळीत आल्या. घाटावर खडकीस १८६९ मध्ये सरकारी दारूगोळ्याचा कारखाना निघाला. शब्द मात्र तोच राहिला. म्हणून स्थूल नियम असा सांगता येईल : १८६० पूर्वीच्या मराठी कागदात काडतूस आले तर पुडी समजावी, त्यानंतर काही काळ संदर्भ पाहून ठरवावे.

शिकारी साहेबांनी हे नवे काडतूसही पुष्कळ दिवस हातानेच भरले. रिकामी झालेली नळी फेकून न देता तिला नवी टोपी बसवावयाची आणि दारू, बोळा, छरे घालून तोंड मिटावयाचे, यासाठी लागणाऱ्या हत्यारांच्या पेट्या इंग्लंडातील बंदूकवाले विकीत. कागदी नळ्या पावसाळी हवेत फुगत आणि नळीत अडकत. म्हणून दमट प्रदेशात पितळी नळ्या पसंत केल्या जात. यंत्र नवे असले तरी विद्या ठासणीचीच होती.

६. पिस्तूल आणि छरा

छरा हा मूलतः लांब व गुळगुळीत नळीचा सोबती. छऱ्याच्या मोजमापाचाच एक शब्द गावोगाव पोहोचला आहे, तो ‘बारा बोअर’. बारा म्हणजे बारा भोके किंवा बारा गोळ्या नव्हेत. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या असता एका गोळीचा जो व्यास तो त्या नळीचा व्यास, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. जुन्या तोलाचे हे अवशेष दशमान पद्धतीनंतरही टिकून आहेत.

पिस्तुलात छरे भरण्याचे प्रयत्नही झाले. हौद्यातील शिकाऱ्यासाठी इंग्रजांनी जाड नळ्यांची जोडपिस्तुले केली. १८५६ मध्ये स्वामित्वपत्र मिळालेल्या ल मा याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मधली स्वतंत्र नळी छऱ्यांसाठी होती. पुढे साप मारण्याकरिता रिव्हॉल्व्हरची छऱ्यांची काडतुसे निघाली. परंतु पिस्तुलाची नळी आखूड, आणि तिच्या आत पिळाच्या खाचा असतात. या खाचांनी एकट्या गोळीस स्थिरता येते. छऱ्यांस मात्र त्या फिरवून चहूकडे उधळतात. म्हणून काही पावलांपलीकडे या योजनेचा उपयोग नसे. ‘पिस्तूल’ हा युरोपीय आणि ‘तमंचा’ हा तुर्की-फार्सी, असे दोन शब्द मराठीत आले खरे; पण भाताच्या राखणदाराच्या बोलीत त्यांना बंदुकीसारखे स्थान मिळाले नाही. जी वस्तू शेताच्या उपयोगाची नव्हती तिची म्हणीही घडली नाही. याउलट ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे’ हा वाक्प्रचार घरोघरी गेला.

७. अठराशे अठ्ठ्याहत्तर

एकाच वर्षी, १८७८ मध्ये, दोन कायदे झाले. सातवा कायदा जंगलाचा आणि अकरावा हत्यारांचा. पहिल्याने रानावरील वहिवाट सरकारच्या परवानगीची झाली. दुसऱ्याने लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यार बाळगणे परवान्याचे झाले, आणि युरोपियनांस त्यातून सूट मिळाली. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले, ते स्वाभिमानाच्या प्रश्नावर. घाटपायथ्याच्या शेतकऱ्यास मात्र प्रश्न प्रथम रानडुकराचा होता. रान वाढवावयाचे सरकारने, रानातील जनावर येणार शेतात, आणि राखणीचे साधन परवान्यावर, अशी ही तिहेरी अडचण. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यास १८८५ मध्ये मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्या असंतोषाचा विचार करताना दोन्ही कायदे जोडीने वाचले पाहिजेत. ते स्वतंत्रपणे वाचण्याची जी सवय पडली आहे तिच्यामुळे या प्रश्नाची एक बाजू सतत झाकली जाते.

१९४२ च्या आंदोलनात याच परिसरात भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा ‘आझाद दस्ता’ उभा राहिला. माथेरानात जन्मलेले हे वकील. मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडणे हे दस्त्याचे मुख्य कार्य होते आणि त्याचे साधन होते करवत. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांशी झालेल्या चकमकीत कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. ज्या घाटात ऐंशी वर्षांपूर्वी दारूच्या राशी फुटल्या होत्या त्याच्याच आसमंतात लोखंड करवतीने कापावे लागावे, यात चौसष्ट वर्षांच्या हत्यारबंदीचा वाटा असावा असे म्हणण्यास जागा आहे. ‘दस्ता’ या फार्सी शब्दाचे मूळ ‘हात’. त्यावरून मूठ, बंदुकीचा दस्ता, कागदाचा दस्ता आणि लोकांची तुकडी. या दस्त्याजवळ बंदुकीच्या दस्त्यापेक्षा हातांचेच बळ अधिक होते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला व तो १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा, आणि संरक्षण वा शिकारीसाठी किमान वीस इंच नळीच्या गुळगुळीत बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. ठासणी कायद्यात जिवंत राहिली ती तिच्या मंदपणामुळेच. जे शस्त्र प्रत्येक बारास पुन्हा भरावे लागते त्याचे भय राज्यसंस्थेस कमी वाटते. उलट दारूगोळा स्वतः तयार करणे हे परवान्यावाचून करता येत नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार हा छंद म्हणून संपला. त्यानंतर ठासणीची बंदूक मुख्यत्वे वृत्तपत्रांतील अपघात व जप्ती यांच्या बातम्यांत भेटते, आणि तिची परिभाषा पंचनाम्यात.

८. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अग्निशस्त्रांची नावे प्रायः भरावयाच्या वस्तूवरून पडली आहेत, आणि हाताने भरण्याच्या युगाचे ते भाषिक प्रमाण आहे. दुसरी, शब्दाची वाट एक नसते. दारू, बार, गारदी, सुरुंग आणि काडतूस हे शब्द निरनिराळ्या दिशांनी आले आणि ‘ठासणे’ या एका देशी क्रियापदाभोवती जमले. तिसरी, शब्द टिकून वस्तू बदलली असेल तर साधनांचे वाचन काळ पाहूनच केले पाहिजे.

या तिसऱ्या गोष्टीत एक निकड आहे. गज, कान, रंजक, तोडा, जामगी हे शब्द आता वापरणारा राहिलेला नाही. कोशांतही त्यांचे अर्थ एका ओळीत आटोपतात. वस्तू नाहीशी झाल्यावर शब्द काही काळ म्हणींत आणि रूपकांत तग धरतो, आणि नंतर त्याचा अर्थ अंदाजाने सांगण्याची वेळ येते. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून आणि पाड्यांतून ज्यांच्या आजोबांनी भाताच्या खाचराशी माळ्यावर बसून रात्री जागविल्या अशी माणसे अद्यापि आहेत. तेथील शब्दांची नोंद वस्तूच्या चित्रासह आणि क्रियेच्या वर्णनासह आजच झाली, तर उद्याच्या अभ्यासकास पेशवाईच्या कागदातील काडतूस पितळी समजण्याची पाळी येणार नाही.